पाणी तापलं की दुपारी नदी बंद ठेवा

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाच्या मासेमारीच्या परवान्यासोबत आम्हाला नियम मिळतात. अमुक लांबीपेक्षा लहान मासा ठेवायचा नाही, दिवसाला अमुक नगांच्या वर ठेवायचे नाहीत, विणीच्या हंगामात गळ टाकायचा नाही. तिन्ही नियम रास्त आहेत आणि आमच्यापैकी बहुतेक जण ते पाळतात. पण त्यांत पाण्याच्या तापमानाबद्दल एक अक्षर नाही. उन्हाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली भर दुपार नियमाच्या लेखी सारखीच. माझी मागणी एवढीच आहे: पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे तापू लागलं की दुपारनंतर ट्राउटची मासेमारी बंद ठेवावी, आणि नदीचं तापमान रोज सगळ्यांना दिसेल अशी सोय करावी.

पत्राला निमित्त झालं ते एका शनिवार-रविवारचं. मित्र आणि मी फ्लाय फिशिंगला, म्हणजे फ्लाय या माशीसारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाने मासेमारी करायला, गेलो होतो. मित्र यात मुरलेला. त्याच्या जॅकेटला फ्लायच्या डबीशेजारी दोरीने बांधलेला एक छोटा थर्मामीटर लोंबकळत असतो. नदीवर पोचला की रॉड जोडायच्या आधी तो थर्मामीटर पाण्यात सोडतो, आकडा खिशातल्या वहीत टिपतो, मगच बाकीचं. शनिवारी उजाडताना पाणी १४ अंश सेल्सिअस होतं. खळाळाचं पाणी जिथे डोहाच्या संथ पाण्याला घासून जातं, त्या रेषेवर ट्राउट वर येऊन मेफ्लाय हे पाण्यावरचे किडे टिपत होते. मित्राने ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, प्रवाहात बरीच वरच्या अंगाला टाकली आणि लाइनला, म्हणजे गळाच्या दोरीला, ढील दिली. लाइन ताणली गेली की फ्लाय पाण्यावर फरफटते, आणि फरफटणाऱ्या माशीला ट्राउट तोंड लावत नाही. थोड्या वेळाने फ्लायच्या जागी नुसतं एक वर्तुळ उमटलं आणि रॉड वाकला. मासा त्याने फार खेळवला नाही. रबरी जाळीत, पाण्यातच ठेवून, हात ओले करून गळ सोडवला. गळाचा उलटा काटा त्याने आधीच पकडीने दाबून सपाट केलेला असतो, त्यामुळे गळ हलकेच निसटतो. तपकिरी पाठ, कुशीवर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. जाळी तिरपी केली तसा तो प्रवाहाकडे तोंड करून जरा थांबला, कल्ले हलवले आणि खोल पाण्यात शिरला.

दुपारी त्याच जागी थर्मामीटर २० च्या पुढे गेला. मित्राने लाइन गुंडाळली आणि सरळ सावलीत जाऊन आडवा झाला. खालच्या डोहावर मात्र काही जण ऊन उतरेपर्यंत मासे काढत होते. काढायचा, उचलून धरायचा, फोटो घ्यायचा, सोडायचा. तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याने त्यांचे परवाने पाहिले, आमचेही पाहिले, आणि तो पुढच्या वळणाकडे गेला. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नियमांत तपासण्यासारखं आणखी काही नव्हतंच. संध्याकाळी त्या डोहाच्या खाली, गोट्यांत अडकलेला एक ट्राउट पांढरं पोट वर करून पडला होता. तो त्यांनीच सोडलेला, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण तापलेल्या पाण्यात सोडलेले मासे का मरतात, हे कोडं राहिलेलं नाही.

पाणी तापतं तसा त्यातला प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीच्या हिशेबाने १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९ च्या आसपास. डोंगरात, उंचीमुळे, त्याहूनही कमी. माशाची गरज मात्र नेमकी उलटी चालते. त्याचं रक्त पाण्याइतकंच तापतं आणि शरीराचा सगळा व्यवहार जलद होतो, म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. तपकिरी ट्राउटला साधारण १२ ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० च्या सुमारास त्याचं खाणं मंदावतं आणि २५ च्या आसपास जिवावर बेतू लागतं. अशा अवस्थेत तो गळाला लागला आणि जीव तोडून झुंजला, की स्नायूंत आणि रक्तात आम्ल साठतं. ते ओसरायला तासन्‌तास लागतात आणि त्यासाठी भरपूर प्राणवायू लागतो. तोच तर पाण्यात कमी झालेला असतो. म्हणून सोडताना शेपूट मारून ऐटीत गेलेला मासा तासाभराने कुठल्या तरी दगडाआड मरून पडतो, आणि सोडणारा घरी जाऊन पुण्य केल्याच्या समाधानात असतो.

त्यात फोटो. १९९२ साली कॅनडातल्या संशोधकांनी पूर्ण दमवलेल्या रेनबो ट्राउटवर (ट्राउटची दुसरी एक जात) केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नुसते दमवलेले १०० पैकी ८८ या प्रमाणात १२ तासांनंतर जिवंत होते. दमवून ३० सेकंद हवेत धरलेले ६२, आणि पूर्ण मिनिटभर धरलेले फक्त २८. मोबाइल खिशातून काढून, हसून, ‘अजून एक घे’ म्हणेपर्यंत मिनिट कधीच उलटून गेलेलं असतं. माझं तर मत आहे की मासा पाण्याबाहेर उचलून फोटो काढण्यावरच बंदी घालावी. पण एका पत्रात एकच भांडण.

तर, नियम कसा असावा? नवं काही शोधून काढायचं नाही. अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात ट्राउटच्या नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे जवळपास २३ सेल्सिअसच्या वर गेलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवता येते. पहाट आणि सकाळ मोकळी. पाणी निवलं की बंदी उठते. वेळाही विचारपूर्वक ठरवलेल्या आहेत: सूर्य डोक्यावर असतो तेव्हा नव्हे, तर दुपार कलल्यावर नदी सर्वांत जास्त तापते, आणि सर्वांत थंड असते पहाटे. मला विचाराल तर ही मर्यादा जरा सैलच आहे. मी २० अंशांवर थांबायला सांगेन. पण २३ चा नियमही काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडे आपल्या तज्ज्ञांनी लक्ष द्यावं. थंड झऱ्याचा किंवा सावलीतल्या ओढ्याचा प्रवाह जिथे मोठ्या नदीला मिळतो, तिथे दुपारी ट्राउट दाटीवाटीने जमतात. पायाने चाचपलं तर फरक कळतो: एका पावलावर कोमट पाणी, पुढच्या पावलावर गारठा. आसऱ्याला आलेल्या या माशांवर गळ टाकणं फार सोपं असतं, आणि म्हणूनच नेमके तिथेच लोक जमतात. कॅनडातल्या मिरामिची नदीवर पाणी तापलं की सॅमन माशांच्या आसऱ्याचे असे थंड डोह मासेमारीला बंद करतात. आपण किमान अशी संगमाची ठिकाणं नकाशावर आणावीत.

यावर कुणी म्हणेल, मार्गदर्शकांच्या पोटावर पाय येईल. मला नाही वाटत. दुपारच्या कडक उन्हात, पाणी तापलेलं असताना, ट्राउट मुळात फारसं खात नाही. त्या वेळी पाहुण्याला पाण्यात उभं करणारा मार्गदर्शक त्याचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया घालवतो. पहाटे निघून दुपारच्या आत परत, असं वेळापत्रक बसवणारे मार्गदर्शक आजही आहेत. नियम झाला तर दुपारपर्यंत थांबण्याचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायला त्यांनाही आधार मिळेल.

दुसरं कुणी म्हणेल, मासे कमी झाले तर हॅचरीतून, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातून, आणखी सोडू. बोटुकली सोडण्याचा कार्यक्रम मंत्र्यांना सोयीचा असतो हे मी समजू शकतो: बादली, फोटो, टाळ्या. पण मॉन्टानाने १९७४ मध्ये, ज्या नद्यांत ट्राउट आपोआप वाढतात तिथे हॅचरीचे मासे सोडणं बंद केलं, कारण सोडलेल्या माशांमुळे नदीतलेच मासे घटत असल्याचं तिथल्या अभ्यासात दिसलं होतं. आणि बादलीतून ओतलेल्या माशालाही पाणी तितकंच गरम लागतं. शिवाय ट्राउट जगात जिथे-जिथे पोचला, तिथे बऱ्याच ठिकाणी माणसानेच नेला. १८६४ मध्ये त्याची अंडी बर्फात आणि शेवाळात बांधून इंग्लंडहून जहाजाने टास्मानियापर्यंत गेली. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या यादीत तपकिरी आणि रेनबो दोन्ही ट्राउट आहेत. तेव्हा नव्या ओढ्यांत मासे सोडण्यापेक्षा जिथे आधीच आहेत तिथले नीट जगवण्यावर खातं अधिक लक्ष देईल, अशी अपेक्षा.

काठची झाडं तुटली, धरणाने वरचं पाणी अडवलं, की नदी उथळ होते आणि लवकर तापते. ते विषय आपल्या एकट्या खात्याचे नाहीत, म्हणून इथे वाढवत नाही. मात्र तापमानाच्या नोंदी जवळ असतील तर त्या खात्यांशी बोलताना आपल्याच हातात काही ठोस असेल.

सुरुवात म्हणून परवान्याच्या नियमांत दुपारच्या बंदीची एक ओळ घालावी, आणि मुख्य नद्यांवर तापमानाची नोंद ठेवणारी छोटी यंत्रं पाण्याखाली बसवावीत. ती बसेपर्यंत आमच्यासारखे लोक आकडे पुरवायला तयार आहेत. मित्राच्या वहीत त्या नदीच्या बऱ्याच नोंदी आहेत, तारीख आणि वेळेसह. त्या कुठल्या कार्यालयात, कुणाकडे द्यायच्या, एवढं कळवावं.

कळावे,
आपला नम्र,
एक परवानाधारक