चिमणी राखली, पण कताईखात्याचे काय?

महोदय,

गिरणगावाचा विषय निघाला की छायाचित्र हमखास चिमणीचे छापले जाते. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला, तिथेही चिमणी ठेवली आहे. ती पाहून लोक म्हणतात, चला, एवढे तरी वाचले! रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या विभागात, उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला हे समाधान पटत नाही. चिमणी बॉयलरची. १९१५ साली खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली, गिरण्यांनी ती घेतली आणि वाफेच्या इंजिनांची सद्दी ओसरू लागली. गिरण्या मात्र त्यानंतर कित्येक दशके धडधडत होत्या. सूत निघायचे ते आत, कताईच्या मजल्यांवर, आणि नेमक्या त्याच इमारती आपण पाडू दिल्या.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांची. १८५४ मध्ये कंपनी निघाली, १८५६ मध्ये ताडदेवला सूत निघू लागले. यंत्रे इंग्लंडहून आली आणि त्यांच्यामागून इमारतीची ठेवणही लँकेशायरची आली. त्या ठेवणीतली एकही गोष्ट हौसेखातर नव्हती. एका इंजिनाची ताकद जाड सुती दोरांवरून प्रत्येक मजल्याच्या शाफ्टपर्यंत, म्हणजे यंत्रे फिरवणाऱ्या लांब दांड्यापर्यंत, न्यायची, म्हणून कताईची इमारत लांबलचक आणि मजल्यावर मजले चढवलेली. ओतीव लोखंडाच्या खांबांवर छताचा भार असेच, शिवाय शाफ्ट टेकवायला त्यांनाच ब्रॅकेट काढलेले असत. विणकाम तळमजल्यावर, कारण मागांचे हादरे वरच्या मजल्यांना सोसत नाहीत. त्या शेडचे छप्पर करवतीच्या दात्यांचे, काच उत्तरेकडे, म्हणजे उजेड दिवसभर सारखा आणि मागावर थेट ऊन नाही. ब्लो रूममध्ये, म्हणजे गाठीतला कापूस मोकळा करून झाडायच्या खोलीत, कापसाचा धुरळा, एका ठिणगीने पेट घेणारा, म्हणून ती जाड भिंतीआड. जिन्याचा मनोरा इमारतीच्या अंगाबाहेर आणि त्याच्या माथ्यावर पाण्याची टाकी, तीही आगीच्याच भीतीने. आज त्या मनोऱ्याची नक्षी पाहून लोक फोटो काढतात. त्याचे काम त्यांना कुणी सांगत नाही.

खिडक्यांबद्दल तर मला मुद्दाम लिहायचे आहे. विजेचे दिवे नव्हते तेव्हा उजाडल्यापासून अंधारेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राबणेही मोठे. दिवे आले आणि ती मर्यादाही गेली. १९०५ च्या तेजीत गिरण्या १४-१५ तास चालवल्या गेल्या, तेव्हा कामगार चिडून रस्त्यावर उतरले. इतक्या उंच खिडक्या, पण कताईखात्यात वारा घ्यायची सोय नाही. हवा कोरडी झाली की सुताची तार तुटते, म्हणून खिडक्या बंद आणि आत पाण्याचा फवारा. त्या कोंदट उकाड्यात, नाकातोंडात कापूस जात असताना, तुटलेली तार सांधत साच्याच्या, म्हणजे कताईच्या यंत्राच्या, कडेने पाळीभर चालायचे. हा इतिहास पाटी लावून कळत नाही. त्यासाठी ती खोली, ती उंची, दोन साच्यांमधली ती अरुंद वाट उभी असावी लागते.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाबद्दल खूप लिहून झाले आहे. इमारतींचा घात मात्र नंतर, कागदावर झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या बदलाने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कामगारांची घरे आणि मुंबईची मैदाने त्यात आकसली, हे सर्वांना ठाऊक आहे. पण जुन्या शेडची किंमतही त्यातून एवढीच राहिली की तेवढे चौरस फूट पुन्हा बांधता येतात! खांब कुठले, छप्पर कसले, हे पाहायची कुणाला गरज उरली नाही.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. तिथे तरी कारंजी आणि रंगीत दिवे यांच्या आधी साच्यांचा विचार व्हावा. ब्लो रूम, कार्डिंग (पिंजणे), ड्रॉइंग (पेळू ओढून सारखा करणे), स्पीड फ्रेम (पेळू बारीक करून हलका पीळ देणे), रिंग फ्रेम (सूत कातणे) याच क्रमाने यंत्रे मांडावीत, म्हणजे गाठीतल्या कापसाचे सूत कसे होते ते शाळकरी मुलालाही चालता चालता कळेल. किमान एक रिंग फ्रेम सुरू असावी, तिच्या चात्या फिरताना दिसाव्यात आणि तो आवाज कानावर पडावा. शहरात जी कताईखाती अजून उभी आहेत, त्यांना हात लावण्यापूर्वी मजल्यामजल्याची मोजमापे घेऊन नकाशे करून ठेवावेत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हे काम देता येईल. यंत्रे लावायला आणि दाखवायला माणसे हवी असतील तर लालबाग, परळ, काळाचौकीच्या चाळींत डॉफर (भरलेल्या बॉबिनी काढणारे), जॉबर (मुकादम), फिटर अजून आहेत. त्यातले बरेच सत्तरी ओलांडलेले आहेत, म्हणून महापालिकेने त्यांना याच वर्षी बोलवावे.

– एक निवृत्त गिरणी कामगार, लालबाग, मुंबई