बाबांच्या तबल्याच्या शिकवणीबद्दल

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, धरमपेठेतल्या सरांकडे सोमवारपासून तबला सुरू करताय, हे ऐकून फार आनंद झाला. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

पहिले तीन महिने वेगाचं नाव काढू नका, निकास, म्हणजे प्रत्येक बोल (तबल्यावरचं अक्षर) स्वच्छ काढणं, करून घ्या. ‘ना’ला अनामिका शाईच्या (काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकवायची आणि तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) कडेच्या पट्टीवर, मारून लगेच उचलायची. ‘ना’ बद्द वाजला तर बहुतेक वेळा तर्जनी पुडीवर रेंगाळलेली असते, नाहीतर अनामिका जास्त दाबलेली असते. खांदा भरून आला की हात मनगटाऐवजी खांद्यातून पडतोय असं समजा, आणि थांबा. डाव्या हाताच्या डग्ग्यावरचा ‘गे’ मला जास्त अवघड वाटतो. तळहाताची मनगटाकडची कड शाईलगत मैदानावर (शाई आणि चाट यांच्यामधल्या कातड्यावर) टेकलेली हवी. ती उचलली तरी घुमारा येतो, पण दाब देऊन तो वळवता येत नाही. हे दोन्ही वेगवेगळे स्वच्छ आले की मगच दोन्ही मिळून होणारा ‘धा’. दोन हात एकाच क्षणी पडले नाहीत तर ‘धा’चे दोन तुकडे ऐकू येतात.

मांडी घालून बसायला गुडघा नको म्हणत असेल तर सरांना पहिल्याच दिवशी सांगा. खुर्चीवर बसून, बुटक्या भक्कम टेबलावर चुंबळीत जोडी ठेवूनही छान वाजवता येतं. पुडी कोपरापेक्षा थोडी खाली हवी, एवढंच. तिकडे सरांचीच जोडी वापरा, डग्गा उचलून नेऊ नका.

घरी रोज वीस मिनिटं पुरे. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. मोबाइलवर मेट्रोनोम 60 वर लावा आणि एका ठोक्याला एकच बोल घ्या. ‘धाधा तिट धाधा तूना’ सुरू झाल्यावर ज्या लयीत ‘तिट’ अडखळत नाही, तीच तुमची लय.

आई, तू हाताने ताल धर. तीनतालाच्या 16 मात्रा, त्यात 1, 5 आणि 13 ला टाळी, 9 ला हात उलटा. ठेक्यात (तालाच्या ठरलेल्या बोलांत) दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा बंद होतो आणि चौदाव्याला परत येतो. शिकणाऱ्याचा डावा हात नेमका इथेच विसरतो. तू मोजत असलीस की बाबांना चूक लगेच कळेल.

जोडी विकत घ्यायला सरांनाच सोबत न्या. तबला शिसवाचा, साडेपाच इंची तोंडाचा, काळी एक या स्वराला लागणारा घ्या. चाटेवर सगळीकडे वाजवून बघा, सगळ्या घरांत (कडेच्या प्रत्येक भागात) स्वर सारखा हवा.

आता कूलर. हॉलमध्ये जोडी ठेवू नका. कूलरच्या ओल्या हवेत कातडं सैल पडून स्वर उतरतो, आणि तीच जोडी आतल्या खोलीत नेली की नवतप्याच्या, ऐन उन्हाळ्याच्या, कोरड्या हवेत ताणून चढतो. दर वेळी ठोकून स्वर लावत बसलात तर पुडी लवकर जाते. एकच खोली ठरवा, झाकून ठेवा. पावसाळ्यात स्वर उतरणारच. तेव्हा गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) थोडे खाली सरकवायचे, मग हातोडीने गजऱ्यावर (पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीवर) वरून हलके ठोके द्यायचे, समोरासमोरच्या घरांना आळीपाळीने. स्वर उतरवायचा तर खालून वर. हातोडी पुडीला लागू देऊ नका. शाई लोखंडाच्या भुकटीची आणि खळीची असते, तेव्हा ओलं फडकं तर अजिबातच नाही. घाम आला तर हाताला थोडी टाल्कम पावडर लावा, पुडीवर शिंपडू नका.

पहिल्या आठवड्यानंतर ‘ना’ वाजवून मला रेकॉर्डिंग पाठवा. फोन तबल्यापासून हातभर लांब ठेवा, जवळ ठेवला की आवाज फाटतो.

तुमची लेक