गच्चीवरचा सेन्सर काढू नका, त्याची जागा बदला

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
इंदिरानगर, नाशिक

विषय : टाकीचे पाणी-पातळी यंत्र काढण्याच्या प्रस्तावाबाबत

स.न.वि.वि.

बी विंगमधल्या मुलांनी बसवलेले, पाण्याच्या दाबावरून टाकीची पातळी ओळखून मोटर चालू-बंद करणारे आर्डुइनोचे (छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाचे) यंत्र भंगारात काढून नवे ऑटोमॅटिक पॅनेल घ्यायचे, असा विषय येत्या सभेपुढे आहे. टाकी वाहून पार्किंगमध्ये पाणी साचले, सभासद चिडले. तेही ऐन उन्हाळ्यात, तेव्हा राग रास्तच आहे. पण बिघाड बोर्डात नाही. सातपूर एमआयडीसीत माझी नोकरी मोजमापाच्या उपकरणांवरच झाली, म्हणून मुलांना सोबत घेऊन जे तपासले ते कळवतो.

सेन्सरची वायर काढून बोर्डाला दीड व्होल्टचा साधा सेल जोडला. बोर्ड ० ते ५ व्होल्ट हे ० ते १०२३ अशा आकड्यांत दाखवतो, म्हणून आकडा ३०७ च्या आसपास यायला हवा, तसाच आला. मोटर चालू केली तरी हलला नाही. म्हणजे बोर्ड ठीक. सेन्सर पुन्हा जोडून मोटर लावली की आकडा नाचू लागतो, कारण त्याची वायर मोटरच्या थ्री फेज केबलसोबत एकाच पाइपातून आणली आहे.

खरी गोम मात्र जागेत आहे. टाकीतून घरांकडे उतरणाऱ्या पाइपावर सेन्सर बसवला आहे. सकाळी सगळ्यांचे नळ सुरू असताना त्या पाइपात पाणी धावत असते, आणि धावत्या पाण्याचा दाब थांबलेल्या पाण्यापेक्षा कमी भरतो. टाकी काठोकाठ असूनही यंत्राला ती भरायची बाकी वाटते आणि मोटर चालूच राहते. टाकी सकाळीच का वाहते, रात्री का नाही, याचे उत्तर हेच. सेन्सर तळाच्या ड्रेन प्लगला हवा, जिथे पाणी वाहत नाही.

शिवाय हा सेन्सर १.२ मेगापास्कलचा, म्हणजे सुमारे १२० मीटर पाण्याचा दाब मोजणारा. आपली टाकी २ मीटरची! ट्रकच्या वजनकाट्यावर कोथिंबिरीची जुडी तोलण्यातला प्रकार. टाकी रिकामी असताना सेन्सर ०.५ व्होल्ट देतो, भरल्यावर जेमतेम ०.५६५. एवढ्या फरकात बोर्डाला १३ पायऱ्या मिळतात, एकेक १५ सेंटिमीटरची. ० ते ५ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचे एकक) सेन्सर साडेतीन मीटरपर्यंत मोजतो आणि त्याचेही व्होल्टेज ०.५ ते ४.५ असेच मिळते. बोर्ड तोच राहील, प्रोग्राममध्ये एक आकडा बदलायचा, आणि पायरी अर्ध्या सेंटिमीटरच्या आत येईल.

पॅनेलच्या कोटेशनसोबतचे चित्र मी पाहिले. त्यातही सेन्सर त्याच पाइपावर दाखवला आहे. पैसे जातील आणि पार्किंग ओलेच राहील.

तेव्हा कोटेशन महिनाभर थांबवावे. नवा सेन्सर आणि शील्ड केबल (बाहेरचा विजेचा अडथळा रोखणारे आवरण असलेली) यांचा खर्च मंजूर करावा. बिल मी कार्यालयात देईन. केबल मोटरच्या वायरपासून लांब, वेगळ्या पाइपातून नेऊ. मोटरच्या स्टार्टरला वरच्या पातळीचा साधा फ्लोट स्विच (पाणी वर आले की तरंगून मोटर बंद करणारा) मात्र स्वतंत्रपणे लावाच, यंत्र कोणतेही असो. माझ्या मते हा खर्च सगळ्यात आधी व्हायला हवा.

प्लंबरला ड्रेन प्लगवर टी (तीन तोंडांचा जोड) बसवायला टाकी रिकामी लागेल. आठवड्यातली एखादी दुपार ठरवून आदल्या दिवशी नोटीस लावावी आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक सभासद, ए विंग