रेशनचे माप आणि रांगेतील मौन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील आमच्या भागात एका रेशन दुकानात तांदूळ पत्र्याच्या डब्यात भरून काट्यावर ठेवतात आणि डब्याचे वजन वजा न करताच पिशवीत ओततात. गेल्या महिन्यात एका वयस्कर मावशींनी ‘आधी रिकामा डबा काट्यावर ठेव बाबा’ एवढेच म्हटले. दुकानदाराने तोंड उघडण्याआधी रांगेतूनच आवाज आला, ‘जाऊ दे की मावशी, आमचा खोळंबा कशाला करतीस?’ मावशी गप्प झाल्या. त्यांचा अंगठा यंत्रावर आधीच उमटला होता. म्हणजे सरकारदरबारी त्यांना पूर्ण धान्य पोहोचले होते.

दुकानदाराच्या लबाडीपेक्षा रांगेचे हे वागणे मला अधिक लागले, कारण ओरडणाऱ्यांच्या पिशवीतही तेवढाच तांदूळ कमी पडत होता. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क आहे. त्याच कायद्याने जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि दुकानाच्या पातळीपर्यंत दक्षता समित्याही सांगितल्या आहेत. तरीही तक्रार करा म्हटले की ‘कन्नडमध्ये अर्ज कोण लिहून देणार?’ हा प्रश्न पुढे येतो. वास्तविक राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे अधिकाऱ्यापुढे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि बेळगाव जिल्ह्यात मराठी वापरात आहे हे कोणी नाकारू शकत नाही. सीमाप्रश्नासाठी १९५६ पासून मोर्चे काढणाऱ्या, लाठ्या झेलणाऱ्या आपल्या समाजाला मापातल्या तांदळासाठी बोलणे जड जावे, याचे फार वाईट वाटते.

रांगेतल्या चौघांनी जरी ‘मावशी म्हणतात ते बरोबर आहे’ असे म्हटले असते, तरी त्याच दिवशी रिकामा डबा काट्यावर चढला असता. यापुढे अशा वेळी चारपाच जणांनी मिळून मराठीतच अर्ज लिहावा, सह्या कराव्यात आणि कचेरीतून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नये. तहसीलदारांनीही मराठी अर्ज विनातक्रार स्वीकारण्याची सूचना कर्मचाऱ्यांना द्यावी आणि दक्षता समितीच्या सदस्यांची नावे प्रत्येक दुकानाबाहेर कन्नड व मराठीत लावावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, खानापूर