स्लोव्हेनियन क्रियापदांची गल्लत काळाशी नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परकीय भाषा शिकणाऱ्यांसाठी आपल्या पुरवणीत नुकत्याच आलेल्या लेखात स्लोव्हेनियन भाषेची दखल घेतली गेली, याचा मनापासून आनंद झाला. जेमतेम वीस-पंचवीस लाख लोकांची ही भाषा. तिच्याविषयी मराठीत काही वाचायला मिळणे दुर्मीळच. मात्र तिच्यातील 'पूर्ण' आणि 'अपूर्ण' क्रियापदांची ओळख लेखात भूतकाळ आणि वर्तमानकाळ अशी करून दिली आहे. नवा विद्यार्थी नेमका इथेच अडतो आणि पुढे बराच काळ अडखळत राहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे 'पूर्ण भूतकाळ', 'अपूर्ण वर्तमानकाळ' ही नावे शाळेपासून पाठ असतात. त्यामुळे पूर्ण-अपूर्ण म्हटले की मन आपोआप काळाकडे वळते. स्लोव्हेनियनमध्ये हा भेद काळाच्या रूपात नसून मूळ क्रियापदातच असतो. वाचण्यासाठी तिथे 'ब्राती' आणि 'प्रेब्राती' अशी दोन क्रियापदे आहेत. पहिल्यात वाचन चाललेले असते, तर दुसऱ्यात ते शेवटापर्यंत गेलेले असते. भूतकाळ दोन्हींचा होतो आणि भविष्यकाळही दोन्हींचा होतो. पुरुषाच्या तोंडी 'बोम ब्राउ' म्हणजे 'मी वाचत बसेन' आणि 'बोम प्रेब्राउ' म्हणजे 'मी वाचून संपवीन'. 'झाचेती', म्हणजे सुरू करणे, या क्रियापदानंतर अपूर्ण क्रियापदच येते, कारण जी क्रिया आपण सबंध एकसंध पाहतो, तिची नुसती सुरुवात वेगळी काढता येत नाही. 'काय देलाश?', म्हणजे 'काय करतोस?', या प्रश्नाला 'बेरेम' (वाचतोय) हेच उत्तर येते, 'प्रेबेरेम' नव्हे. (हा 'काय' आपल्या 'काय'सारखाच उच्चारला जातो आणि त्याचा अर्थही तोच आहे.)

पुण्या-मुंबईत रशियन शिकण्याची परंपरा जुनी आहे आणि रशियन येणाऱ्याला स्लोव्हेनियन सोपी जाईल, असे सरसकट मानले जाते. शब्दसंग्रहापुरते ते खरे असले, तरी इथे रशियनची सवयच आड येते. रशियनमध्ये पूर्ण क्रियापद वर्तमानकाळाच्या प्रत्ययांनी चालवले की भविष्यकाळाचा अर्थ मिळतो. स्लोव्हेनियनमध्ये भविष्यकाळासाठी 'बोम'सारखे साहाय्यक रूप लागते. म्हणूनच 'व्साको युत्रो व्स्तानेम ओब शेस्तिह' याचा अर्थ 'रोज सकाळी सहाला उठतो' असाच होतो. 'व्स्ताती' हे पूर्ण क्रियापद असूनही रोजच्या सवयीसाठी ते तिथे अगदी सहज वापरले जाते. रशियनमध्ये अशा वाक्यात अपूर्ण क्रियापदच येते.

खरी कसोटी उपसर्गांची आहे. 'पिसाती' म्हणजे लिहिणे आणि 'नापिसाती' म्हणजे लिहून पूर्ण करणे, इथवर सरळ आहे. पण 'पोद्पिसाती' म्हणजे सही करणे, 'प्रेपिसाती' म्हणजे उतरवून घेणे आणि 'ओपिसाती' म्हणजे वर्णन करणे. प्रहार, आहार, संहार हे शब्द रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला उपसर्गाने अर्थ पालटतो, हे समजावून सांगावे लागत नाही. नवीन आहे ते एवढेच, की तिथला उपसर्ग अर्थाबरोबर क्रियापदाला पूर्णही करून टाकतो. मग 'सह्या करत होतो' असे म्हणायचे झाल्यास 'पोद्पिसाती'पासून 'पोद्पिसोवाती' हे नवे अपूर्ण क्रियापद घडवावे लागते. काही जोड्यांचे तर एकमेकांशी रूपसाम्यही नाही: घेणे यासाठी 'येमाती' आणि 'व्झेती', बोलणे-सांगणे यासाठी 'गोवोरिती' आणि 'रेची'. अशा जोड्या पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही आणि ते पहिल्या दिवसापासून केलेले बरे.

आपल्या संयुक्त क्रियापदांचा आधार मराठी विद्यार्थ्याने जरूर घ्यावा. 'वाचले' आणि 'वाचून काढले' यांतला फरक जाणणाऱ्याला ही कल्पना परकी वाटू नये. मात्र हा आधार एका मर्यादेपर्यंतच चालतो. 'लिहून टाकले' म्हणताना त्यात उरकल्याची, सुटल्याची भावना येते. 'नापिसाती'मध्ये तशी छटा नाही. शिवाय आपण 'लिहून टाकले नाही' असे क्वचितच म्हणतो, तर तिथे पूर्ण क्रियापद नकारात सर्रास येते. आपल्याला संयुक्त क्रियापद गाळण्याची मुभा असते. स्लोव्हेनियन बोलणाऱ्याला मात्र प्रत्येक क्रियापदागणिक दोन्हींपैकी एक निवडावेच लागते.

आपल्या लेखासोबत शब्दांचा जो तक्ता छापला आहे, त्यात प्रत्येक क्रियापद एकटेच दिले आहे. पुढील भागात तो जोड्यांनी छापावा, अशी विनंती आहे. त्यासाठी ल्युब्ल्यानातील फ्रान रामोव्श स्लोव्हेनियन भाषा संस्थेचे 'फ्रान' हे शब्दकोशांचे संकेतस्थळ २०१४ पासून सर्वांसाठी मोफत खुले आहे. तिथल्या प्रमाण स्लोव्हेनियन शब्दकोशात क्रियापदापुढे 'दोव.' (पूर्ण) किंवा 'नेदोव.' (अपूर्ण) अशी खूण दिलेली असते. ती खूणही तक्त्यात घ्यावी.

आपला,
स्लोव्हेनियनचा एक मराठी अभ्यासक