गळाच्या छंदाला कमी लेखू नका

महोदय,

हौसेने गळ टाकून बसणाऱ्याला रिकामटेकडा समजले जाते, हे मला मुळीच पटत नाही. तरंगा जरासा थरथरला की मासा आमिषाला नुसते तोंड लावतोय की खरेच गिळतोय, हे ओळखायला सगळे चित्त तिथेच लागते. मग डोक्यातल्या काळज्यांना जागा उरत नाही.

शरीरालाही काम मिळते. अमेरिकेत ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही १९९६ मध्ये सुरू झालेली संस्था स्तनाच्या कर्करोगाला तोंड दिलेल्या महिलांसाठी गळाच्या मासेमारीची शिबिरे घेते. दोरी फेकण्याच्या हलक्या, लयदार हालचालीने शस्त्रक्रियेनंतर आखडलेला हात-खांदा मोकळा व्हायला मदत होते, हे त्यामागचे कारण. २००५ मध्ये तिथे जखमी सैनिकांसाठीही असाच उपक्रम सुरू झाला. डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला असे छंदही सुचवावेत, असे मनापासून वाटते.

मात्र मासा परत सोडायचा असेल, तर तो ओल्या हातानेच धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडू शकतो. तुटलेली नायलॉनची दोरीही काठावर टाकू नये, पक्ष्यांच्या पायांत ती अडकते.

– एक वाचक