बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी : कृपया दुरुस्ती छापावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काल आपल्या रविवारच्या पुरवणीत चुलीच्या सुरक्षित वापराविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. पदर खोचून चुलीपुढे बसावे, पेटत्या चुलीत रॉकेल ओतू नये, रांगत्या लेकराला जवळ येऊ देऊ नये, हे सारे योग्यच आहे आणि ते तळमळीने लिहिलेले आहे. मात्र थंडीत स्वयंपाक आटोपल्यावर चुलीतले निखारे घमेल्यात काढून झोपण्याच्या खोलीत ठेवावेत, त्यांना धूर नसल्यामुळे लहान मुलांना आणि बाळंतिणीला त्रास होत नाही, असा जो सल्ला लेखाच्या शेवटाकडे दिला आहे, तो वाचून मला रात्री झोप लागली नाही. या सल्ल्याने माणसे मरतात. माझ्या घरात दोन जीव थोडक्यात वाचले आहेत.

जानेवारी २०२२ मध्ये माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नात बारा दिवसांची होती आणि थंडी कडाक्याची होती. माझ्या थोरल्या बहिणीने रीतीप्रमाणे ओवा-शेपांची धुरी दिली, बाभळीच्या निखाऱ्यांची शेगडी बाजेखाली सरकवली, आणि बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्या व दाराखाली पोते कोंबले. पहाटे चारच्या सुमारास पत्नीने हाक मारली, तेव्हा मुलीला मान उचलता येत नव्हती. डोके फुटते आहे, मळमळते आहे, एवढेच ती अडखळत बोलली. नात दूध ओढत नव्हती. बहीण म्हणाली, दृष्ट लागली. शेजारच्या आशाताई धावत आल्या, त्यांनी मुलीच्या बोटाला ऑक्सिमीटर लावले, आकडा ९८ आला आणि आम्ही निर्धास्त झालो. त्या आकड्यावर विसंबून आम्ही अर्धा तास घालवला, तोही त्याच बंद खोलीत. शेवटी मलाच गरगरायला लागले, तेव्हा मी दार सताड उघडले आणि दोघींना सपरीत आणले.

१०८ च्या गाडीने तालुक्याला पोहोचल्यावर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो रात्री खोलीत काय पेटले होते, हा. लाल निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून बसतो. बोटाला लावायचे साधे यंत्र हा वायू धरलेले रक्त आणि ऑक्सिजन धरलेले रक्त यांत फरक करू शकत नाही, म्हणून माणूस गुदमरत असतानाही आकडा चांगलाच दिसतो. आशाताईंचा यात काही दोष नाही. त्यांना हे कोणी शिकवलेलेच नव्हते. कित्येक तास ऑक्सिजन दिल्यावर दोघी सावरल्या. नात आता अंगणवाडीत जाते.

बहीण चुकली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिची स्वतःची चार बाळंतपणे अशाच शेगडीवर झाली. पण तेव्हाचे घर कवेलूंचे होते, भिंत आणि छपराच्या मध्ये हात जाईल एवढी फट होती आणि रात्रभर हवा खेळत असे. आजच्या घराला स्लॅब आहे, सिमेंटचा गिलावा आहे आणि घट्ट बसणाऱ्या लोखंडी खिडक्या आहेत. आमच्या आजीला काही झाले नाही, असे जे सांगतात, त्यांनी आजीचे घर आठवून पाहावे. खोलीत पाण्याची बादली ठेवली की ती गॅस ओढून घेते, हा समजही आमच्याकडे घट्ट आहे आणि तो खोटा आहे, कारण हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. निखाऱ्यांवर राख लोटल्यानेही धोका टळत नाही. हवा कमी मिळाली की हा वायू उलट जास्तच तयार होतो.

लेखाच्या अखेरीस, उज्ज्वलाचा गॅस असूनही बायका चुलीपुढे का बसतात, असा प्रश्न लेखकाने विचारला आहे. त्यांनी तो आमच्या गावात येऊन विचारावा. भरलेले सिलिंडर येथे घरपोच येत नाही, ते आणायला एका दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडे वेगळे लागते. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी मात्र शेतात फुकट उभी असते. चूल राहणारच आहे, तर ती धुराड्याची असावी, एवढे तरी लिहायला हवे होते. वर्ध्याच्या मगनवाडीतून धुराड्याची मगन चूल आली, त्याला पाऊणशे वर्षे उलटली, आणि विदर्भात वाचल्या जाणाऱ्या आपल्या लेखात धुराडे हा शब्दही नाही.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या रविवारी, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, दुरुस्ती छापावी. निखारे झोपण्याच्या खोलीत नेऊ नयेत; शेक द्यायचाच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, कोणीतरी जागे असताना द्यावा आणि झोपण्यापूर्वी शेगडी अंगणात नेऊन पाणी ओतून विझवावी. बाळाला टोपरे घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून वाकळ पांघरावी, त्याला तेवढी ऊब पुरते. रात्री शेगडी असलेल्या खोलीत एकाहून अधिक माणसांचे डोके दुखू लागले, तर यंत्राचा आकडा न पाहता आधी सर्वांना बाहेर काढावे आणि मग १०८ ला फोन करावा.

आमच्या गावात आज दोन बाळंतिणी आहेत. त्या दोन्ही घरी मी सकाळीच जाऊन आलो. एका घरी घमेले खोलीत होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ